पाच तोळ्यांचं बटण

भाऊंच्या दुकानात गिऱ्हाईक आधी घामाघूम व्हायचं आणि मग त्याला भाव कळायचा. माझा झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचा गाळा त्यांच्या गाळ्याला लागून. मधली भिंत नावाची. त्यामुळे तिकडे काय चाललंय ते मला कान न देताही ऐकू यायचं, आणि कान दिला तर फारच छान ऐकू यायचं. भाऊ गेम खेळायची यंत्रं विकत. टीव्हीला जोडायचे कन्सोल, खेळताना हातात धरायचे त्यांचे कंट्रोलर, आणि गिऱ्हाइकाच्या मागणीप्रमाणे जुळवून दिलेले पीसी. जळगावात अशी दुकानं आता पुष्कळ झाली आहेत. पण मशिन दाखवायच्या आधी डोक्यावरचा पंखा बंद करणारा दुकानदार हा एकच.

जळगावचा मे महिना ज्यांनी पाहिला नाही त्यांना यातली गंमत कळायची नाही. दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही. अशा वेळी एखादा हौशी माणूस रुमालानं मान पुसत भाऊंच्या दुकानात शिरे, आणि भाऊ उठून पहिलं काम काय करत, तर पंखा बंद. गिऱ्हाईक वर बघे, मग भाऊंकडे बघे. भाऊ तोंडावर बोट ठेवत. "जरा गप ऱ्हा. आयका." मग डोळे मिटून मशिनला कान लावत, जसे काही पोटातल्या बाळाचे ठोके ऐकताहेत. मशिनवर एखादा जडसा गेम लावलेला असे, म्हणजे त्याला चांगला ताप चढावा. आतले छोटे पंखे घरघरायला लागले, की भाऊ डोळे उघडत आणि नापसंतीनं मान हलवत. पीसीत चित्र उमटवणाऱ्या एका महागड्या ग्राफिक्स कार्डाबद्दल ते म्हणाले होते, "हाई कार्ड नही, पीठनी गिरनी शे." ते कार्ड विकणाऱ्या कंपनीचा माणूस समोरच उभा होता.

मी मूळची धुळ्याची. आम्हा धुळेकरांना कोणाचं कौतुक चटकन जमत नाही, आणि जळगावकरांचं तर नाहीच. पण भाऊ नरडाण्याजवळच्या खेड्यातले, म्हणजे माझ्या माहेरच्या बाजूचे. दुकानात गिऱ्हाइकांशी ते अर्धी मराठी अर्धी अहिराणी बोलत, माझ्याशी मात्र अहिराणीच. सासरी आल्यावर 'आहे'ला 'शे' म्हणणारा एक माणूस शेजारी असला की बरं वाटतं. म्हणून मी त्यांच्या तऱ्हा खपवून घेत असे, आणि दुपारी त्यांचं गिऱ्हाईक पळालं की चहाही पाजत असे.

दुसरी तऱ्हा वजनांची. सराफ बाजारात इलेक्ट्रॉनिक काटे आले तेव्हा जुनी पितळी वजनं मोडीत निघाली. भाऊंनी त्यातला एक संच आणला होता. तोळा, मासा, गुंजेच्या वजनाला खरी लाल-काळी गुंज, सगळं त्यात होतं. कोणताही नवा कंट्रोलर आला, कीबोर्ड आला, की ते त्याच्या बटणावर चिमट्यानं एकेक वजन ठेवत जात. बटण टिक्क करून खाली गेलं की थांबत. मग ओठातल्या ओठात म्हणत, "पाच तोळा." किंवा, "चारवर गयं. बरं शे." ट्रिगरचं बटण फार जड लागलं तर कंट्रोलर खोक्यात परत घालून ठेवत आणि मग कुणी मागितला तरी नाइलाजानं दाखवत. बाजारातले लोक त्यांना चिडवायचे, "भाऊ, आजचा बटणाचा भाव काय?" भाऊ हसत नसत. ते गंभीरपणे भाव सांगत.

एकदा रावेरकडचे एक केळीचे व्यापारी आले. अंगठ्या, सोनसाखळी, बोलणं मोकळं. "भाऊ, सर्वात भारी काय असेल ते द्या. लोक म्हणतात कन्सोल स्वस्त पडतो, लोक म्हणतात पीसीला तोड नाही. तुम्ही सांगा. फ्रेम किती मिळतील, चित्र किती मोठं दिसेल, सगळं सांगा."

भाऊंनी त्यांचं ठरलेलं वाक्य टाकलं. "ते मंग सांगसू. पयले सांगा, खेळनार कोन शे?"

"मीच आहे. का?"

"हात दाखवा."

त्या भल्या माणसानं दोन्ही हात पुढे केले. भाऊंनी ते ज्योतिषासारखे उलटसुलट पाहिले, अंगठा वाकवून पाहिला, बोटांची पेरं दाबली. मग एक कंट्रोलर काढून त्याच्या बटणावर वजनं रचायला लागले. "ह्या बटनाले पाच तोळा लागतस. तुम्हले चाली. तुमना अंगठा दमदार शे."

"अहो, मी सराफात आलो का गेमच्या दुकानात?" व्यापारी माझ्याकडे वळून म्हणाले. मी हसू दाबत होते. पंखा अर्थातच बंद होता, आणि त्यांच्या शर्टाचा रंग बदलत चालला होता. ते तसेच उठून गेले. पण पुढच्या आठवड्यात परत आले आणि तोच कंट्रोलर, तोच कन्सोल घेऊन गेले. दुसरीकडे कुणी त्यांचे हात पाहिले नव्हते म्हणे.

भाऊंना ज्ञान नव्हतं असं नाही. पोरं मोबाइलवर आकड्यांचे तक्ते घेऊन येत. अमुक कार्डावर अमुक गेम सेकंदाला इतक्या फ्रेम, म्हणजे इतकी चित्रं, दाखवतो, तमक्यावर तितक्या. भाऊ तक्ता नीट वाचत आणि परत देत. "हाऊ आकडा थंडा मुलूखना शे. तठे खिडकीबाहेर बर्फ. आठे मे महिनामा हाई कार्ड रडी पडस." आणि ते खरंही होतं. तापलं की मशिन आपला वेग आपणच कमी करतं, हे मला त्यांच्यामुळेच समजलं. कन्सोल की पीसी, या वादावर त्यांचं एक ठरलेलं उत्तर होतं. "कन्सोल म्हंजे हॉटेलनी शेवभाजी. जे तिखट त्यास्नी टाकं ते खावानं. स्वस्त शे, गरम शे, झटकन समोर येस. पीसी म्हंजे घरनी शेवभाजी. चूल-भांडानाच खर्च जास्ती. पन मीठ आपला हातमा." ज्यांना वेळ नाही, कटकट नको, त्यांना ते बिनदिक्कत कन्सोल देत, आणि पैसे वसूल होतील म्हणून छातीठोक सांगत. पण स्वतःचा कल विचारला तर पीसीच म्हणत. पीसीत कुठलंही काम कुठल्याही बटणावर नेता येतं, बटण पटलं नाही तर बटणच बदलता येतं. फ्रेमचा, चित्राचा त्यात काही संबंध नसे. मला वाटायचं, प्रत्येकाचं एक खूळ असतं, यांचं बटण.

हिवाळ्यात एकदा मी घरून वांग्याचं भरीत आणि कळण्याच्या भाकरी आणल्या होत्या. भाऊंना डबा दिला. त्यांनी अर्धं खाल्लं आणि अर्ध्यावर झाकण लावलं. हे मी आधीही पाहिलं होतं. काहीही दिलं तरी अर्धं घरी जायचं. "वहिनींना वेगळं देते की," मी म्हणाले. "तुम्ही पोटभर खा." भाऊ जरा घुटमळले. मग म्हणाले, "ताई, तुम्हीच चला ना एक दिवस. तिले बरं वाटी. तिनाकडे कोन येत नही आते."

'आते' म्हणजे आता. त्या 'आते'त काय काय आहे ते मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

पिंप्राळ्याकडे त्यांचं दोन खोल्यांचं घर. बाहेर चपला काढल्या तरी आत कुणी आहे असं वाटेना, इतकं शांत. आतल्या खोलीत उंच पाठीच्या खुर्चीत एक बाई बसल्या होत्या. माझ्याहून थोड्या मोठ्या. कपाळाला ठसठशीत कुंकू, केस नीट विंचरलेले. मानेखाली उशी. समोर मोठा पडदा, आणि पडद्यावर एक भलामोठा ट्रक कुठल्यातरी परदेशी बर्फाळ रस्त्यावरून चालला होता. वहिनींनी मान वळवली नाही. अगदी हळू आवाजात, पण ठसक्यात म्हणाल्या, "या ना, बसा. मले उठता येत नाही, गाडी चालू हाये."

मी हसले, आणि मग हसू कुठे ठेवावं ते कळेना. कारण तोवर मी त्यांचे हात पाहिले होते. ते मांडीवरच्या पाटावर ठेवलेले होते, पातळ, निजल्यासारखे. एक बोट तेवढं बटणावर हलत होतं.

आजार मज्जातंतूंचा. मुंबईपर्यंत दाखवून झालं होतं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की हा उतरणीचा रस्ता आहे, यावर औषध नाही. आधी हातांतली ताकद जाते, मग पायांतली, मग आवाज, मग श्वास. डोकं मात्र शेवटपर्यंत लख्ख. हे सगळं वहिनींनीच मला सांगितलं, पुढच्या कुठल्यातरी भेटीत, दुसऱ्या कुणाबद्दल सांगावं तसं. मला फार वाईट वाटलं आणि त्यांना माझा चेहरा बघून वाईट वाटलं.

त्या पहूरच्या. वडिलांचा ट्रक होता, केळी भरून थेट दिल्लीपर्यंत जाणारा. लहानपणी त्या क्लीनरच्या जागेवर बसून गावाबाहेरच्या नाक्यापर्यंत जायच्या आणि तिथून रडत परत यायच्या. भावांना वडिलांनी ट्रक शिकवला. मुलीला कोण शिकवणार? लग्नानंतर अंगणवाडीत नोकरी केली, तिथे जायला साधी स्कूटर शिकायची राहून गेली. आणि हात जायला लागले तेव्हा एक दिवस त्या नवऱ्याला म्हणाल्या, "तुम्ही लोकांले गाड्या चालवाले देता. मले ट्रक द्या." भाऊंनी ट्रकचा गेम आणून दिला. तेव्हापासून त्या रोज ट्रक चालवत होत्या. एवढंच त्यांना हवं होतं, आणि हे त्यांच्या हातून जाऊ नये यासाठी भाऊ जिवाचं रान करत होते.

आता वजनांचा अर्थ मला सांगायला कुणाची गरज राहिली नाही. कन्सोलच्या कंट्रोलरचं बटण वहिनींना जड व्हायला लागलं तेव्हा भाऊ पीसीकडे वळले. तिथे पाचाचं बटण काढून चाराचं बसवता येत होतं. चारही जड झालं तेव्हा स्प्रिंग कापून ते तीनवर आणलं. पंखा बंद करण्याचा अर्थही तेव्हाच कळला. वहिनींचा आवाज खाली खाली चालला होता. मशिनच्या पंख्यांची घरघर असली की त्यांनी हाक मारलेली ऐकू येईना. एकदा त्यांना ठसका लागला होता आणि भाऊ पलीकडे पाठ करून बसले होते, त्यांना कळलंच नाही. त्या दिवसापासून भाऊंच्या लेखी मशिनची किंमत एकाच गोष्टीवर ठरायची, की ते चालू असताना बायकोची हाक ऐकू येते का. त्यासाठी त्यांनी चांगलं वेगवान कार्ड काढून हळू चालणारं, थंड राहणारं कार्ड घातलं. चित्र थोडं अडखळायचं. वहिनी म्हणत, "खान्देशातले रस्ते असेच हायेत. मले सवय हाये."

मी मग अधूनमधून जायला लागले. दोघांचं ते ट्रक चालवणं बघण्यासारखं असायचं. वळवायला वहिनींना जमेनासं झालं तेव्हा स्टिअरिंग भाऊंनी घेतलं आणि रेस वहिनींकडे ठेवली. एका गाडीत दोन ड्रायव्हर. वळण आलं की त्या म्हणत, "वयन." भाऊ वळवत. कधी उशीर झाला तर, "वयन, वयन हो! झोपले का?" तिकडची बोली अशी, ळ चा य. भाऊ 'शे' सोडत नसत, वहिनी 'हाये' सोडत नसत. "बठ्ठं आयुष्य गयं, पन हिले 'शे' म्हनता उनं नही," असं भाऊ म्हणत, आणि वहिनी पडद्यावरची नजर न काढता म्हणत, "जे हाये ते हाये."

त्यांचा सगळ्यात आवडता फेरा पहूरचा. रस्ता तोच परदेशातला, बाजूला बर्फ लागलेली झाडं, पण भाऊ गावांची नावं पुकारत जात. "कुसुंबा उनं," म्हणजे आलं. मग थोड्या वेळानं, "उमाळे." मग, "नेरी." पुढे एक पेट्रोल पंप लागायचा, ते पहूर. तिथे गाडी थांबवायची. भाऊ काय करत, मुद्दाम पंप मागे टाकत आणि साळसूदपणे म्हणत, "वाकोद उनं बरं का." वाकोद पहूरच्या पुढे. वहिनी जी उसळत! "अहो! पहूर गेलं ना मागं! माह्यं माहेर चुकवता? फिरवा गाडी!" मग भाऊ तो अवजड ट्रक त्या अरुंद रस्त्यावर मागे-पुढे करत फिरवत बसत. हे दर फेरीला व्हायचं आणि दर फेरीला वहिनी तितक्याच रागवायच्या. मी डोळ्यांना पदर लावून हसायचे. घरी येताना मात्र रिक्षात मला दुसरंच काही व्हायचं.

बटण तीनवरून दोनावर आलं, दोनावरून एकावर. बाकीच्या घरांत ताप मोजायला थर्मामीटर असतो. या घरात ती पितळी वजनं होती, आणि पारा फक्त खाली जात होता. दुकानात भाऊ बटणावर वजन ठेवायचे तेव्हा आता मला तिकडे बघवायचं नाही.

मग एक दिवस ते माझ्या गाळ्यात आले ते उजळलेल्या चेहऱ्यानं. कित्येक दिवस खपून त्यांनी एक बटण तयार केलं होतं. तोळा नाही, मासा नाही. गुंजेवर दबणारं. खिशातून काढून माझ्या टेबलावर ठेवलं आणि वर एक लाल-काळी गुंज ठेवली. टिक्क. "आते काही चिंता नही, ताई. आते तिनं नुसतं मनमा आनं तरी दबाई जाई." इतका आनंदलेला माणूस मी त्या वर्षात दुसरा पाहिला नाही. मला घेऊनच ते घरी गेले.

बटण जोडलं. वहिनींचं बोट उचलून त्यांनी स्वतः त्यावर ठेवलं. ट्रक सुटला. वेग वाढत गेला, पुढे वळण आलं, वहिनी "वयन" म्हणाल्या, भाऊंनी वळवलं, पण वेग कमी होईना. ट्रक कठडा तोडून खाली गेला. पुन्हा सुरुवात, पुन्हा तेच. भाऊंना वाटलं कूलरच्या वाऱ्यानं बटण दबतंय. त्यांनी कूलर बंद केला. पुन्हा तेच. स्प्रिंग पाहिली. वायर पाहिली. बटण काढून पुन्हा गुंज ठेवून पाहिली, बटण अगदी बरोबर होतं. भाऊ चिडले नाहीत, बटण पुन्हा खोलायला बसले. तेवढ्यात वहिनी काहीतरी पुटपुटल्या. भाऊंनी कान तोंडाजवळ नेला, आणि मीही पुढे वाकले.

"मले दाबता येतं हो," वहिनी म्हणत होत्या. "उचलता येत नाही."

भाऊ तसेच वाकून राहिले. इतकी वर्षं त्यांनी दाबायला किती जोर लागतो तेवढंच मोजलं होतं. बोट उचलायलाही जोर लागतो, हे त्यांच्या कधी मनात आलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर माझ्याही नाही. वहिनींचं बोट त्या बटणावर नुसतं पडून होतं, आणि त्याचं आपलं वजनच गुंजेपेक्षा पुष्कळ होतं. "काट्याले फक्त खाले जानं समजस," एवढंच भाऊ म्हणाले, आणि पाटावरची वजनं एकेक करून डबीत भरायला लागले. वहिनी त्यांच्याकडे बघत होत्या. मग अगदी हळू म्हणाल्या, "तोंड पाडू नका. बोट सरकवता येतं मले. आडवं."

म्हणजे त्यांनाच उपाय सुचला होता. भाऊंनी बटणाला शेजारून एक गुळगुळीत पन्हळ करून दिली, लाकडाची, घासून घासून काचेसारखी. बोट बटणावर ठेवलं की गाडी बेताच्या वेगानं चालू. बोट शेजारी पन्हळीत सरकवलं की गाडी बंद. उचलायचं नाव नाही. वहिनी पुन्हा ट्रक चालवायला लागल्या. भाऊ मला दुकानात हळूच म्हणाले, "तिनं डोकं मन्हापेक्षा चांगलं शे. मी फुकट दुकान टाकं, तिले टाकाले पाहिजे व्हतं."

चैत्र सरत आला. आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी जातात. दिवाळी एकवेळ चुकेल, आखाजी चुकत नाही. झोके, गाणी, सांजोऱ्या, आंब्याचा रस. पुरुष पत्ते कुटत बसतात आणि त्या दिवशी त्यांना कुणी बोलत नाही, कारण तो दिवसच खेळायचा. वहिनींनी लग्नानंतर एकही आखाजी पहूरशिवाय काढली नव्हती. आदल्या वर्षी भावानं गाडी पाठवून, उशांनी बांधून नेलं होतं. या वर्षी डॉक्टरांनी साफ नाही म्हटलं. त्या उन्हात, त्या रस्त्यानं, श्वासाचा भरवसा नव्हता. मी धुळ्याला निघायच्या आधी भेटायला गेले. वहिनींना आता फार बोलवत नव्हतं, एकेक शब्द मध्ये थांबून येई. "तुम्ही... जा. झोका... घ्या माह्या... वाटचा."

"आणि तुम्ही?"

त्यांनी डोळ्यांनी पडद्याकडे दाखवलं. "आम्ही बी... पहूरले... चाललो."

मी धुळ्याला गेले. आईकडे पुरण झालं, रस झाला. संध्याकाळी गल्लीतल्या निंबाला झोका बांधला होता. मी वहिनींच्या वाटचाही घेतला, चांगला उंच. लोक हसले, या वयात काय हे.

परत आले तेव्हा भाऊंचं शटर खाली होतं. बाजारातल्या कुणीतरी सांगितलं, आखाजीच्याच दिवशी, दुपारी. मी तशीच पिंप्राळ्याला गेले. घर माणसांनी भरलेलं होतं, पहूरचे, नरडाण्याकडचे. भाऊ कोपऱ्यात बसले होते. खुर्ची भिंतीकडे तोंड करून ठेवलेली होती.

तेराव्यानंतर काही दिवसांनी शटर वर झालं. मी चहा घेऊन गेले. भाऊ स्टुलावर बसले होते, सवयीनं पंखा बंद करून, समोर मशिन मात्र कुठलंच नव्हतं. वजनांची डबी उघडी. मी चहा ठेवला आणि तिथेच बसले. मग ते आपणहून बोलायला लागले.

त्या दिवशी जेवणं झाल्यावर दोघं पहूरला निघाले. वहिनींचं बोट त्यांनी बटणावर ठेवलं, गाडी चालू झाली. "मी कुसुंबा सांगं. उमाळे सांगं. ती बोलनी नही. थकेल व्हती, आते बोलतच नव्हती फार, म्हनीसन माले काही वाटनं नही. वळनबी मन्हं मीच ली राह्यंतू. गाडी चालू व्हती ना, ताई. बोट बटनवर व्हतं." नेरी गेलं. भाऊ पडद्याकडे बघत स्टिअरिंग सांभाळत होते. गाडी चालू आहे म्हणजे ती चालवते आहे, असंच ते धरून होते. दुसरं काय धरणार? ते बटण त्यांनी तसंच तर केलं होतं.

"मंग पंप उना. आखाजी व्हती, म्हनं हिले जरासं चिडावूत. मी पंप मांगे टाका. म्हनं, वाकोद उनं बरं का."

चहावर साय धरली होती.

"ताई, माहेर मांगे पडनं तरी ती काही बोलनी नही."

मला ऐकवेना, पण उठवेनाही.

"माले वाटनं, बोलनी व्हई, मालेच आयकू उनं नही. मी कूलर बंद करा. पंखा बंद करा. तरी काही नही. मंग मशिन बंद करं. आयकत बठनू."

बाहेर बाजारात गाड्यांचे हॉर्न वाजत होते, भाऊंच्या गाळ्यात मात्र काही आवाज नव्हता. मी पदरानं तोंड दाबून रडत होते आणि भाऊ समोरच्या, मशिन नसलेल्या टेबलाकडे कान देऊन बसल्यासारखे बसले होते.

इतक्यात दारात एक गिऱ्हाईक येऊन उभं राहिलं. कॉलेजातला कुणी प्राध्यापक असावा. "नवीन घ्यायचंय. कन्सोल घेऊ का पीसी?"

भाऊ उठले. त्यांनी पंखा लावला आणि त्याचं बटण फिरवत फिरवत पाचावर नेलं. टेबलावरची बिलं उडायला लागली, तशी त्यांनी डबीतली पितळी वजनं काढून त्यांच्यावर एकेक ठेवली. मग त्या माणसाकडे वळून म्हणाले, "बोला, किती फ्रेम पाहिजे?"